पेंड वाढवली, दूध वाढलं नाही: गोठ्यातल्या मेथिओनिन चाचणीच्या नोंदी

४ नोव्हेंबर २०२४

गोठा राहुरी तालुक्यात, मुळेच्या कालव्याखाली. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित १२ गाई दुधात, ३ भाकड, ५ कालवडी. सरासरी गाईला दिवसाला १५.४ लिटर. फॅट ३.६ लागतं, त्याची तक्रार नाही. एसएनएफ (दुधातले फॅट सोडून उरलेले घनपदार्थ) मात्र ८.२ च्या वर जात नाही. आमच्या केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला ३० रुपये आहेत, आणि एसएनएफचा एकेक पॉइंट (०.१) घसरला की लिटरमागे ५० पैसे कापतात. म्हणजे रोज लिटरला दीड रुपया जातोय. १२ गाईंचे दिवसाला पावणेतीनशे.

सध्या एका गाईला जे जातं ते असं: मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा मका) १२ किलो, नेपियर गवत १५ किलो, कडबा ३ किलो. खुराकात गोळी पेंड ४ किलो, सरकी पेंड २ किलो, शेंगदाणा पेंड १ किलो, गहू भुसा १ किलो. शेंगदाणा पेंड मी दिवाळीआधी वाढवली. दूध प्रोटीनचं असतं, तर प्रोटीन वाढवलं की दूध वाढेल असा सरळ हिशोब होता. तीन आठवड्यांत दूध तेवढंच, एसएनएफ तेवढंच. शेण पातळ झालं आणि राणी गाय दुसऱ्यांदा उलटली, म्हणजे गाभण राहिली नाही.

खुराकाचा खर्च गाईमागे २६६ रुपये झालाय. तो हिशोब इथे लिहून ठेवते, पुढे लागणार आहे: गोळी पेंड १२०, सरकी ७२, शेंगदाणा ४८, भुसा २६.

११ नोव्हेंबर

एका शिबिरात ऐकलं होतं की गाईच्या दुधाला प्रोटीन नाही, अमिनो आम्लं (प्रोटीन ज्यांचं बनतं ते घटक) लागतात, आणि त्यात मेथिओनिन आणि लायसिन ही दोन बहुतेक वेळा आधी कमी पडतात. मक्यावर आणि मुरघासावर असलेल्या गोठ्यात तर हमखास. मेथिओनिन कोंबडी खाद्याच्या दुकानात मिळतं हे माहीत होतं. ४ किलो आणलं, किलोला ३३०, एकूण १,३२० रुपये. पांढरी भुकटी, उघडल्यावर उग्र वास. आत्याबाई म्हणाल्या, "मुळ्याची भाजी करपल्यागत वास येतोय गं, गाई खातील का?"

खाल्लं. गाईला १५ ग्रॅम, सकाळच्या खुराकात कालवून, सगळ्या १२ गाईंना.

१ डिसेंबर

२० दिवस झाले. काही नाही. दूध १५.३, एसएनएफ ८.२. भुकटी संपत आली.

एक गोष्ट आज लक्षात आली, ती कुणीही करून बघावी. केंद्राच्या स्लिपवर प्रोटीनचा आकडा येतो. महिन्याभरात तो कधी २.९ कधी ३.० दिसला, मला वाटलं थोडा फरक पडतोय. मग सगळ्या स्लिपा काढून प्रोटीनला एसएनएफने भागलं. प्रत्येक वेळी तोच भागाकार. आवाजाच्या लहरींवर चालणारं हे मशीन प्रोटीन मोजतच नाही, एसएनएफवरून काढून छापतं. त्यात केंद्राची काही चूक नाही, पैसे ते एसएनएफवरच देतात. पण प्रोटीन खरंच वाढलं का, हे त्या स्लिपवरून ठरवायचं नाही. मी महिनाभर तेच करत होते.

२ डिसेंबर

आमचे डॉक्टर राणीला बघायला आले होते. त्यांना भुकटीचं पोतं दाखवलं. ते हसले नाहीत, बसून समजावलं. "ताई, कोंबडीला हे चालतं, कारण तिला एकच पोट. गाईच्या मोठ्या पोटात आधी जिवाणू जेवतात, मग गाय. हे उघडं मेथिओनिन त्यांनी तिथेच फोडून टाकलं. आतड्यापर्यंत पोहोचलंच नाही, तर कासेपर्यंत कुठून जाणार?"

गाईसाठी लागतं ते आवरण असलेलं, मोठ्या पोटातून न फुटता पुढे जाणारं. ते महाग असतं. पण त्यांनी ते लगेच आणू नका म्हणून सांगितलं. आधी दुधातला युरिया तपासा म्हणाले. १,३२० रुपये आणि तीन आठवडे गेले. उरलेली मूठभर भुकटी शेजारच्या कोंबडीवाल्याला दिली.

५ डिसेंबर

तालुक्याच्या गावी इन्फ्रारेड मशीन असलेल्या प्रयोगशाळेत टाकीतल्या दुधाचा नमुना दिला. नमुन्याला १२० रुपये. रिपोर्टवर "युरिया ४१" आलं. मी वाचून बसले होते की १० ते १६ बरोबर असतं. रात्री झोप लागली नाही, वाटलं गाईंच्या लिव्हरचं काही खरं नाही.

सकाळी डॉक्टरांना फोन केला तेव्हा उलगडा झाला. १० ते १६ हा आकडा युरियातल्या नायट्रोजनचा. प्रयोगशाळेने अख्खा युरिया दिलाय. त्याला २.१४ ने भागायचं. म्हणजे १९. जास्तच, पण घाबरण्याइतका नाही. रिपोर्ट हातात आला की यातलं कुठलं लिहिलंय ते आधी विचारून घ्या.

१९ चा अर्थ त्यांनी सांगितला तो असा. पेंडीतलं प्रोटीन जिवाणू फोडतात, त्याचा अमोनिया होतो. त्या अमोनियापासून जिवाणू स्वतःचं अंग बांधतात, आणि ते जिवाणूच पुढे वाहत जाऊन गाईचं सगळ्यात चांगलं प्रोटीन होतात. त्यातली अमिनो आम्लं दुधाच्या प्रोटीनच्या जवळपास असतात. पण अंग बांधायला त्यांना पिष्टाची ताकद लागते. माझ्या खुराकात पेंडच पेंड, धान्य जवळपास नाहीच. अमोनिया उरला, रक्तात गेला, लिव्हरने त्याचा युरिया केला, तो दुधात आणि मुतात गेला. ४८ रुपयांची शेंगदाणा पेंड मी रोज गव्हाणीतून मोरीत ओतत होते, आणि लिव्हरला काम लावलं ते वेगळंच. शेंगदाणा पेंड तर फार लवकर फुटणारी, आणि लायसिन-मेथिओनिन दोन्ही तिच्यात कमी.

६ डिसेंबर

नवा खुराक ठरवला. शेंगदाणा पेंड बंद, भुसा बंद. गोळी पेंड ३ किलो, मका भरडा २ किलो, सोयापेंड १ किलो, सरकी १ किलो. सरकीत लायसिन कमी, मक्यात तर फारच कमी. सोयापेंडीत लायसिन चांगलं, मेथिओनिन कमी. म्हणजे सोयापेंडीने एक खड्डा बुजतो, दुसरा उघडाच राहतो. तो नंतर बघायचा.

खर्च: ९०, ५०, ३८, ३६. एकूण २१४. आधीपेक्षा ५२ रुपये कमी. नाना म्हणाले, "पेंड कमी करून दूध वाढतं हे मी आयुष्यात ऐकलं नाही." मी म्हटलं, "नाना, तीन आठवडे द्या मला."

८ डिसेंबर

माझी घाई. २ किलो भरडा एकदम चालू केला. आज चंद्री आणि कपिली दोघींनी खुराक अर्धा सोडला. शेण पातळ, फेसाळ, आंबूस वासाचं. रवंथ मंद. पोटात आंबट झालं. भरडा अर्ध्या किलोवर आणला, खायचा सोडा दिवसाला १०० ग्रॅम दोन वेळा वाटून दिला, कडबा वाढवला.

मका अर्ध्या किलोने सुरू करा, चार-चार दिवसांनी अर्धा-अर्धा किलो चढवा. मला दोन गाईंचं मिळून तीन दिवसांत साधारण १८ लिटर दूध गेलं.

१५ डिसेंबर

दीड किलोवर आहोत, सगळ्या गाई खातायत. आज चंद्रीचं शेण चाळणीत घेऊन नळाखाली धुतलं. अख्खे आणि अर्धे दाणे ढिगाने राहिले, ओंजळभर. धान्य पोटातून जसंच्या तसं बाहेर. चक्कीवाल्याकडून बारीक जाळी बसवून घेतली, ३ मिलीमीटरची. पीठ करायचं नाही, जाड रव्यासारखा भरडा हवा. हे काम फुकटात होतं आणि पाच मिनिटांचं आहे. औषधं आणण्याआधी शेण धुऊन बघा.

२७ डिसेंबर

तीन आठवडे पूर्ण. टाकीचा युरिया २८, म्हणजे नायट्रोजन १३. दूध सरासरी १६.१. एसएनएफ ८.२७. शेण शिऱ्यासारखं, पडल्यावर घडी राहते.

पेंड ५२ रुपयांनी कमी झाली आणि दूध पाऊण लिटरनं वाढलं. १२ गाईंचे खुराकाचे दिवसाला ६२४ रुपये वाचतायत. सगळं श्रेय खुराकाला देत नाही, थंडीही पडली आहे आणि दोन गाई नुकत्या व्यालेल्या आहेत. तरी युरियाचा आकडा नुसत्या थंडीने एवढा उतरत नाही.

खरं तर इथेच थांबले असते तरी नुकसान नव्हतं. पण एसएनएफ अजून ८.५ ला दोन पॉइंट कमी, आणि मेथिओनिनचा खड्डा तसाच आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: आतड्यात पोहोचणाऱ्या प्रोटीनमध्ये लायसिन ३ असेल तर मेथिओनिन १ असावं. अमेरिकेच्या एनआरसीने (नॅशनल रिसर्च कौन्सिल) २००१ च्या शिफारशीत साधारण हेच प्रमाण दिलंय. मला ते पंगतीसारखं वाटतं. पोळ्या पन्नास जणांच्या लाटल्या आणि भाजी तिसाचीच असली, तर पंगत तिसाचीच उठते. उरलेल्या पोळ्या वाया जातात. आमच्याकडे पोळ्याच वाढवत होते.

आज दहा गाईंचे वेगवेगळे नमुने पाठवले, चाचणीआधीचा आकडा हवा म्हणून. बाकीच्या दोघी आठ महिन्यांच्या वर दुधात आहेत, त्यांना चाचणीत घेत नाही.

३ जानेवारी २०२५

आवरणाचं मेथिओनिन आलं. ५ किलोचा डबा, ३,९०० रुपये. किलोला ७८० पडलं. उघड्या भुकटीच्या दुपटीहून जास्त. गाईला १५ ग्रॅम, म्हणजे ११ रुपये ७० पैसे रोज.

दहा गाईंचे दोन गट केले. व्याल्यापासूनचे दिवस आणि सध्याचं दूध बघून जोड्या लावल्या, मग प्रत्येक जोडीतली एक अ गटात, एक ब गटात. अ गटाला मेथिओनिन, ब ला नाही. ३ आठवड्यांनी उलट करायचं. उलट करणं गरजेचं आहे, कारण दूध तसंही महिन्याला उतरत जातं. नोव्हेंबरात सगळ्यांना एकदम दिलं होतं, त्यामुळे काम झालं की नाही हे कळायला दुसरी बाजूच नव्हती.

दूध बादलीसकट ताणकाट्यावर मोजते. काट्यावर किलो येतात, १.०३ ने भागून लिटर लिहिते. पहिल्या दोन दिवसांचे आकडे मी किलोच लिटर म्हणून लिहिले होते, ते सुधारले.

१२ जानेवारी

मोठी चूक, आणि ती पूर्ण माझी.

एकेका गाईला १५ ग्रॅम मोजून देण्यापेक्षा, अ गटाचा खुराक वेगळा दळतेच आहे तर त्यातच टाकावं म्हणून मी दाणे चक्कीतून मक्याबरोबर काढून आणत होते. एकसारखं मिसळतं म्हणून खूशही होते. आज डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. दळू नका, गोळी करू नका, ओल्या खाद्यात फार वेळ ठेवू नका.

खात्री करायला दोन पेले घेतले. एकात डब्यातले दाणे चिमूटभर, दुसऱ्यात दळलेल्या खाद्यातून वेचलेला चुरा, दोन्हींवर कोमट पाणी. रात्रभरात पहिल्या पेल्यातले दाणे तसेच तळाशी, साबुदाण्यासारखे गोल. दुसऱ्यात पाण्यावर तेलकट साय आणि तोच मुळ्याचा उग्र वास अख्ख्या ओट्यावर. आवरण चक्कीत फुटलं होतं. ९ दिवस मी पुन्हा उघडं मेथिओनिनच दिलं, फक्त दुप्पट भावाचं. ५ गाई, ९ दिवस, १५ ग्रॅम: ६७५ ग्रॅम, सव्वापाचशे रुपये.

पेल्याच्या या परीक्षेवरून माल चांगला की वाईट हे ठरत नाही. मोठ्या पोटात टिकणं वेगळं, आणि पुढे आतड्यात सुटणं वेगळं. फार टिकाऊ आवरण असेल तर दाणा शेणातूनच बाहेर पडेल. पण फुटलेलं आवरण मात्र पेल्यात कळतं.

१५ जानेवारी

संक्रांत झाली. आज पहिला दिवस धरून नव्याने सुरुवात. पद्धत बदलली: औषधाच्या बाटलीचं झाकण वजनकाट्यावर ठेवून १५ ग्रॅमची खूण केली. मूठभर कोरड्या भरड्यात दाणे मिसळून आधी तेवढंच गव्हाणीत टाकायचं, ते चाटून झालं की बाकीचा खुराक. आमच्याकडे पेंड रात्रभर भिजवायची पद्धत आहे, ती अ गटासाठी बंद केली. आणि तुलना बिघडू नये म्हणून ब गटालाही कोरडंच.

आत्याबाईंना हे पटलं नाही. भिजवलेल्या पेंडीशिवाय गाय पान्हा सोडत नाही हे त्यांचं चाळीस वर्षांचं म्हणणं. त्यांच्या हाताला गाई पान्हावतात हे खरंच आहे. मी म्हटलं, "आत्याबाई, धारेला तुम्हीच बसा, मग पेंड कोरडी का ओली ते गाईला कळणारच नाही." दोन दिवस तांबडीने त्रास दिला, मग रुळली.

१८ जानेवारी

मोरी गाईच्या गव्हाणीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं तर दाणे राहिलेले. गव्हाणीचा गिलावा तिथे उखडलाय, जीभ पोहोचत नाही. सिमेंटने भरून घेतलं, एक पाटी माल, अर्धा तास. चार दिवस मोरीला नेमकं किती गेलं सांगता येत नाही. ही गोष्ट डोळ्यांनी दिसेपर्यंत सुचली नव्हती.

२६ जानेवारी

ब गटातल्या सगुणीला दगडी. मागचा उजवा सड सुजलेला, दुधात गुठळ्या. उपचार सुरू, दूध वेगळं काढून टाकतोय. दगडीत एसएनएफ आपोआप घसरतो, म्हणून तिचे सगळे आकडे चाचणीतून काढले. आता अ गटात ५, ब गटात ४.

३० जानेवारी

मुरघासाची पहिली बॅग संपली, दुसरी उघडली. ही ओली आहे, मुठीत दाबली तर पाणी सुटतं. मका चीक भरायच्या आधीच कापला होता. दोन दिवसांत सगळ्या गोठ्याचं दूध अर्धा लिटरने उतरलं. चाचणीच्या मध्ये बॅग बदलायला नको होती, पण ती पुरणार किती हे मी आधी मोजलंच नव्हतं. दोन्ही गटांना तोच मुरघास जातोय, एवढाच दिलासा. वजनाने दीड किलो वाढवून दिला.

४ फेब्रुवारी

पहिली फेरी संपली. नमुने घेतले: प्रत्येक गाईचं सकाळ आणि संध्याकाळचं दूध, जेवढं निघालं त्या प्रमाणात एकत्र करून. फक्त सकाळचं पाठवू नका, दोन वेळच्या दुधात फॅटचा फरक बराच असतो.

पहिली खेप फुकट गेली. बर्फ कमी ठेवला, मोटारसायकल रस्त्यात पंक्चर झाली, प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत सात नमुने फाटले. पैसे घेतले नाहीत, पण पुन्हा सगळ्यांचं गोळा करावं लागलं. ५ तारखेला, गट बदलायच्या आधी, पुन्हा घेतले. आता थर्मासमध्ये बर्फ ठासून आणि पहाटेच निघायचं.

पहिल्या फेरीचे आकडे:
मेथिओनिन घेणाऱ्या: दूध १६.४ लिटर, प्रोटीन ३.०६, एसएनएफ ८.३८.
न घेणाऱ्या: दूध १६.०, प्रोटीन २.९५, एसएनएफ ८.२७.

नानांना दाखवलं. ते म्हणाले, "त्या गाईच चांगल्या असतील." बरोबर शंका आहे. म्हणूनच उलट करायचंय.

५ फेब्रुवारी

संध्याकाळपासून ब गटाला मेथिओनिन, अ चं बंद.

१४ फेब्रुवारी

अ गट उतरायला लागलाय. चंद्री, जी सगळ्यात ताजी व्यालेली, २१ वरून १९.८ ला आली. तिच्याकडे बघून हात शिवशिवला नाही असं नाही. पण मध्येच सुरू केलं तर दोन महिन्यांचं काम मातीत.

२५ फेब्रुवारी

दुसरी फेरी पूर्ण. उद्या महाशिवरात्र, प्रयोगशाळा बंद असेल म्हणून नमुने आजच पोहोचवले.

घेणाऱ्या (ब): दूध १६.०, प्रोटीन ३.०५, एसएनएफ ८.३७.
न घेणाऱ्या (अ): दूध १५.५, प्रोटीन २.९६, एसएनएफ ८.२८.

गट बदलले तसे आकडे बदलले. "गाईच चांगल्या" हे उत्तर आता लागत नाही. नानांनी वही स्वतः हातात घेऊन दोनदा वाचली आणि विचारलं, "मग म्हशीला चालेल का?" म्हशीवर मी करून बघितलेलं नाही.

१ मार्च

हिशोब. दोन्ही फेऱ्या मिळून मेथिओनिनने गाईमागे ०.४५ लिटर दूध जास्त आणि एसएनएफ एक पॉइंट जास्त.

०.४५ लिटरचे २९ रुपयांनी १३ रुपये ५ पैसे. एक पॉइंटचे ५० पैशांनी १६.२ लिटरवर ८ रुपये १० पैसे. एकूण २१ रुपये १५ पैसे मिळाले, ११ रुपये ७० पैसे गेले. उरले साडेनऊ.

साडेनऊ रुपये. डिसेंबरात नुसता खुराक नीट लावून ५२ वाचले होते आणि दूधही वाढलं होतं. कुणी मला विचारलं आधी काय करू, तर मी तो क्रम सांगेन. युरियातला नायट्रोजन १९ असताना ११ रुपयांचे दाणे टाकले असते तर काहीच दिसलं नसतं असं मला वाटतं, कारण तेव्हा कमी होती ती ताकद.

चाचणीवर गेलेला पैसा वेगळा: वैयक्तिक नमुने २८, त्यांचे ३,३६०. उघडी भुकटी १,३२०. चक्कीत फोडलेले ५२६. हे पुन्हा लागणार नाहीत.

आणि सरासरीच्या आत वेगळंच चित्र आहे. चंद्री आणि कपिली, दोघी व्याल्यापासून १०० दिवसांच्या आतल्या, त्यांनी लिटरभर जास्त दिलं. तांबडीला व्यायल्याला सात महिने झालेत, तिच्यात दोन्ही फेऱ्यांत काही फरक नाही, ना दुधात ना प्रोटीनमध्ये. नऊ गाईंवरून नियम होत नाही. पण माझ्या खिशापुरतं ठरवलं: १२० दिवसांच्या आतल्या गाईंनाच. त्या आत्ता चार आहेत. दिवसाला ४७ रुपये.

९ मार्च

आता लायसिनकडे. आवरणाचं लायसिनही मिळतं, पण घरात सोयाबीन पडून आहे. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली, म्हणून ११ पोती विकलीच नाहीत. सोयाबीन भाजलं की त्यातलं प्रोटीन मोठ्या पोटात कमी फुटतं, आतड्यापर्यंत जास्त पोहोचतं. कच्च्या सोयाबीनमधला पचन अडवणारा घटकही भाजल्याने मरतो.

लग्नातली मोठी कढई, चुलीवर, खाली वाळू. पहिली १० किलोची खेप करपली. बाहेरून तपकिरी काळसर, चावल्यावर कडू. आत्याबाईंना वास खमंग वाटला, पण डॉक्टरांनी ती टाकून द्यायला सांगितली. फार भाजलं की लायसिनच साखरेशी बांधलं जातं, मग ते गाईला पचत नाही. म्हणजे ज्यासाठी भाजतोय तेच जळतं. १० किलोचे चारशे रुपये.

१३ मार्च

तेल तापवताना वापरतात तो थर्मामीटर ३५० रुपयांना आणला. दाण्यांच्या मधोमध १४५ अंशांच्या आसपास आले की कढई उतरवायची आणि लगेच गोणपाटात गुंडाळून अर्धा तास तशीच ठेवायची, म्हणजे आतपर्यंत उष्णता जाते. मग पसरून गार. रंग भाजलेल्या फुटाण्यासारखा हवा. दाणा दोन बोटांत दाबला की दोन फाकी होतात, पिवळ्या, आतून डाग नसलेल्या. गार झाल्यावर चार तुकडे होतील एवढाच भरडते, पीठ नाही.

१० किलोला सगळं धरून सव्वा तास. दोन जणं लागतात, एकाने सतत हलवायचं. आज ३० किलो झालं, खांदे भरून आले.

सोयापेंडीऐवजी १ किलो भाजलेलं, ताज्या चार गाईंना. त्यात तेल असतं म्हणून त्याहून जास्त देत नाही. या वेळी बाकी काहीही बदललेलं नाही, मुरघासाची बॅगही अर्ध्याहून भरलेली आहे.

२४ मार्च

दहा दिवस झाले. चार गाईंचं दूध उतरलेलं नाही एवढंच म्हणता येईल, आणि ऊन चढत असताना तेही मी लिहून ठेवते. पण दुपारचं तापमान आता रोज वाढतंय, गाई धापा टाकतात, खाणं कमी होतंय. या दिवसांत दोन गट लावून काही तपासलं तर जे दिसेल ते उन्हाचं असेल. फॉगर (पाण्याचे बारीक तुषार उडवणारे) लावायचे आहेत, त्याची वेगळी वही करते. सोयाबीनची नीट तुलना पावसाळ्यानंतर.

२८ मार्च

गौरी १८ एप्रिलला विणार आहे, तिसरं वेत. मागच्या वेताला पहिले दोन महिने ती २३ लिटरवर अडकली होती आणि तिच्या पाठीची हाडं दिसायला लागली होती. आजपासून तिला १५ ग्रॅम सुरू केलं, विण्याआधी तीन आठवडे. डब्यात शिल्लक आहे ते तिच्यापुरतं आणि पुढे चंद्रीपुरतं होतं. झाकणाची खूण पुसट झाली होती, नेलपॉलिशने पुन्हा ओढली.